वाढीव मोबदल्याचा दावा: निर्णय कोण देतो आणि अर्ज कुठे अडतो

भूसंपादनाच्या निवाड्यातली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या मोबदला ठरवणाऱ्या आदेशातली, रक्कम पाहून हादरलेला खातेदार बहुधा थेट दिवाणी न्यायालयाची पायरी चढतो. पहिली चूक तिथेच होते, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने या वादातला दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला आहे. मोबदला वाढवायचा की नाही हे भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत प्राधिकरण ठरवते. नाव भारदस्त असले तरी तिथे एकच पीठासीन अधिकारी बसतो. तो आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असावा लागतो, अथवा किमान सात वर्षे वकिली केलेला वकील. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून शासन त्याला नेमते; खातेदाराच्या पसंतीचा प्रश्नच येत नाही.

अर्ज मात्र कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यायचा आणि त्यांनी ३० दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, असा नियम आहे. फाइल टेबलावरच पडून राहिली, तर प्राधिकरणाकडे अर्ज करून, जिल्हाधिकाऱ्यांनी तो पाठवावा असा आदेश मागता येतो. हे कार्यालयात आपण होऊन कोणी सांगत नाही.

सर्वाधिक अर्ज मुदत चुकल्याने मरतात. निवाड्याच्या वेळी आपण किंवा आपला वकील हजर असल्यास निवाड्यापासून सहा आठवडे मिळतात, आणि लोक ही मुदत पैसे खात्यात आल्यापासून मोजतात. गैरहजर असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. लक्षात राहतात फक्त सहा महिने. सबळ कारण पटल्यास जिल्हाधिकारी पुढील एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. रक्कम उचलताना पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ एवढे स्वतःच्या हाताने लिहा. ते नसेल तर हा अर्ज करण्याचा हक्कच उरत नाही.

राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीची वाट वेगळी आहे. तिथे १९५६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार लवाद नेमते आणि तो बहुधा महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो, त्यामुळे ‘हा कसला लवाद’ हा शेतकऱ्यांचा सवाल गैर म्हणता येत नाही. तरीही दुसरा लवाद नेमून घेण्यासाठी न्यायालयात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. लवादाचा निर्णय मिळाल्यापासून तीन महिन्यांत, फार तर आणखी ३० दिवसांत, जिल्हा न्यायालयात आव्हान द्यावे लागते.

सातबारा, फेरफार, निवाड्याची प्रत सगळ्यांकडे असते. नसतात ती बाजारभाव दाखवणारी, शेजारच्या जमिनींची, अधिसूचनेआधीच्या तीन वर्षांतली खरेदीखते. दुय्यम निबंधकाकडून त्यांच्या प्रमाणित प्रती काढा, आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल, तर संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात ती आली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचा.