ओंदोल

ओंदोल म्हणजे खोलीची जमीनच खालून तापवायची कोरियातली पद्धत, गुदल हे तिचं दुसरं नाव. बूट दारात काढायचे, जमिनीवर बसूनच जेवायचं आणि रात्री तिथंच अंथरूण घालायचं, हे के-ड्रामा बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

जुन्या घरात स्वयंपाकघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा बरीच खाली ठेवतात, कारण चूल (अगुंगी) खोलीच्या तळाखाली यायला हवी. चुलीवर लोखंडी हंडा कायमचा बसवलेला असतो. आपल्याकडं चुलीचा उरलेला जाळ वैलावर जातो तसा इथं तो भिंतीपलीकडच्या खोलीखाली जातो, म्हणजे भात शिजता शिजताच खोली तापते. चुलीच्या मागं अरुंद आणि उंचवट्याचा घसा असतो, त्याला बुनमगी म्हणतात, इथं जाळाला वेग येतो आणि धूर सहसा मागं फिरत नाही. पुढं धुराच्या वाटा, त्यांच्यावर सपाट दगडी लाद्या, फटींत चिपा आणि माती, वर लिंपण आणि त्यावर हान्जी या कोरियन हातकागदाचे थर. कागदाला तेल पाजायचं कामही वेळखाऊच, भिजवलेलं सोयाबीन वाटून त्यात पेरिलाच्या बियांचं तेल मिसळायचं, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि कागद पिवळा चकचकीत होईपर्यंत घासत बसायचं. धुराच्या वाटांच्या शेवटी आडवा खोल चर असतो, गेजारी, काजळी आणि राख तिथं बसते आणि धुराड्यातून घुसलेला वारा तिथंच अडतो. चुलीकडच्या लाद्या जाड आणि लांबच्या पातळ ठेवतात, तरी सगळी खोली सारखी काही तापत नाही. चुलीकडचा भाग आरेनमोक, तो घरातल्या मोठ्या माणसांचा किंवा पाहुण्यांचा, लांबचा गार भाग विनमोक.

उगमाबद्दल बरेच वाद आहेत आणि निम्मा घोळ कशाला ओंदोल म्हणायचं इथंच होतो. 'हजारो वर्षं जुनी परंपरा' असं इंटरनेटवर सर्रास दिसतं, पण एवढ्या जुन्या काळात नेतात ते पुरावे बहुतेक साध्या शेकोटीचे किंवा दगडी चुलीचे आहेत. भिंतीच्या कडेनं एक-दोन धुराच्या वाटा फिरवून त्यावर बसायचा कट्टा करायचा, ही रचना मात्र रशियाच्या प्रिमोर्ये भागातल्या क्रोउनोव्का संस्कृतीच्या घरांत स्पष्ट दिसते. तिचा काळ साधारण इ.स.पू. पाचवं-चौथं शतक ते इ.स. पहिलं शतक असा धरतात, आणि हे लोक म्हणजे चिनी ग्रंथांतली उत्तर ओक्जो ही जमात असावी असं बऱ्याच कोरियन पुरातत्त्वज्ञांचं मत आहे. कोरियाच्या दक्षिण टोकाला साछनजवळच्या नुक्दो बेटावरही असेच अवशेष मिळालेत. अलास्कातल्या उनालास्का भागात सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या घरांत जमिनीखाली दगडी वाटा सापडल्या तेव्हा पेपरांत बरीच चर्चा झाली, पण मधले दुवे नसताना दोन्हींचा संबंध जोडणं अवघड आहे.

लिखित पुरावा थोडा नंतरचा. 945 मध्ये पूर्ण झालेल्या चीनच्या तांग घराण्याच्या जुन्या इतिहासात गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्यातले गरीब लोक हिवाळ्यात लांब कट्टे करून खाली आग धुमसत ठेवतात असं वर्णन आहे. त्याच्याही आधी, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, ली दाओयुआन या चिनी लेखकानं नद्यांवरच्या आपल्या ग्रंथात आजच्या हेबेई भागातल्या एका मठाची हकीकत दिलीये, तिथं अख्ख्या सभागृहाची जमीन दगडी असून बाहेरून आग घालून तापवायचे. हा मजकूर गोगुर्योच्या खात्यात टाकायचा मोह काहींना होतो, पण मठ कोणी बांधला हे त्यातून ठरत नाही. एकूण बघता कट्ट्यापासून हळूहळू पूर्ण जमिनीकडं हा प्रवास कोरियातल्या गोर्यो राजवटीच्या उत्तरार्धात, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपास झाला, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. मांचुरियातला 'कांग' हा झोपायचा कट्टा त्या जुन्या रचनेचाच भाऊबंद दिसतो. रोमन हायपोकॉस्टशी (जमीन खालून तापवायची त्यांची पद्धत) तुलना नेहमी होते, पण तिथं खांबांवर उचललेल्या जमिनीखाली मोकळी पोकळी असते, ओंदोलसारख्या आखलेल्या वाटा नसतात.

गोर्योनंतरच्या जोसन राजवटीच्या सुरुवातीला सुद्धा हे सगळीकडं नव्हतंच, राजधानीतल्या सोंगग्युनग्वान विद्यापीठात पंधराव्या शतकात आजारी विद्यार्थ्यांपुरत्या ओंदोलच्या मोजक्या खोल्या होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचा खरा फैलाव झाला, थंडी वाढली होती हे एक कारण सांगतात. परिणाम असा की डोंगरावरचं सरपण झपाट्यानं संपायला लागलं. उन्हाळ्यासाठी त्याच घरात लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, म्हणजे मारू, असायचा आणि तापवायची जमीन व गार ओटा एका छपराखाली ही हानोकची, म्हणजे पारंपरिक कोरियन घराची, खास ओळख.

आरेनमोकवर फक्त माणसंच शेकायची असं नाही. उशिरा येणाऱ्या माणसाचा भाताचा वाडगा झाकून तिथं रजईखाली ठेवायचा, छंगुकजांग या आंबवलेल्या पदार्थाचं सोयाबीन तिथंच ठेवायचं, बाळंतिणीलाही ऊबदार जमिनीवरच निजवायचं.

1950 नंतर सरपणाची जागा योनथान या भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्यांनी घेतली. 22 भोकांची वडी साधारण साडेतीन किलोची, ती तासन्‌तास जळायची आणि चुलीतली विझायच्या आत दुसरी घालावी लागायची, मग कुणीतरी मध्यरात्री उठणार हे ठरलेलंच. जमिनीला तडा असला की कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या खोलीत. त्यात कित्येक जीव गेले, आणि वायू चढलेल्या माणसाला मुळ्याच्या पातळ किमचीचं पाणी पाजायचा घरगुती उपाय त्या पिढीला चांगलाच आठवतो (उपयोग काही नव्हता). पुढं बॉयलर आले, जमिनीतल्या पाइपांतून गरम पाणी फिरायला लागलं आणि आजच्या अपार्टमेंटमध्ये तेच आहे, चूल नाही, धूर नाही, भिंतीवर एक कंट्रोलर आणि त्यावर घराबाहेर जाताना दाबायचं बटण. 2022-23 च्या हिवाळ्यात गॅसचे दर वाढले तेव्हा याच बिलांवरून देशभर बोंब झाली.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यानं टोकियोत ओकुरा या उद्योगपतीच्या घरी 'कोरियन खोली' अनुभवली आणि पुढं 1937 च्या जेकब्स घरात जमिनीतून उष्णता दिली. ती खोली सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातून उचलून नेलेल्या जासनदांग इमारतीचीच होती असं सांगतात, शक्य आहे.

2018 मध्ये दक्षिण कोरियानं ओंदोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. छंगसान्दो बेटावर ओंदोलसारख्याच दगडी लाद्या अंथरून खालून पाण्याला वाट ठेवलेली भातखाचरं आहेत, त्यांना 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.