केसपेपरवरचा रकाना : गौरी सावंत यांच्या कामामागचा इतिहास

सरकारी रुग्णालयात गेलं की पहिलं काम केसपेपर काढण्याचं. खिडकीतला माणूस मान वर न करता नाव, वय, पत्ता विचारतो. स्त्री की पुरुष हे तो विचारतही नाही, आवाज ऐकून स्वतःच खूण करून टाकतो. साडी नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली एखादी तृतीयपंथी समोर उभी राहिली आणि तिनं घोगऱ्या आवाजात नाव सांगितलं, की मात्र मान वर होते. मागची रांग गप्प होते, मग कुजबुजायला लागते. तिथून निभावलं तरी ॲडमिट करायचं ते बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या, हा घोळ उरतोच. म्हणून पुष्कळजणी या खिडकीपर्यंत यायच्याच नाहीत. ताप अंगावर काढायचा, गुप्तरोगावर मेडिकलवाल्याकडून गोळी घ्यायची, आणि फारच झालं तर गल्लीतल्या एखाद्या डॉक्टरकडे रात्री, दवाखाना रिकामा झाल्यावर जायचं.

गौरी सावंत हे नाव बहुतेकांच्या कानावर गेलं ते २०१७ साली, विक्सच्या जाहिरातीमुळे. एक तृतीयपंथी आई आणि तिची शाळकरी मुलगी, एवढीच गोष्ट. पुढं २०१९च्या निवडणुकीत महाराष्ट्रासाठी निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत म्हणून त्यांचा फोटो दिसला, २०२३मध्ये त्यांच्या आयुष्यावर वेबमालिका आली. पण या सगळ्याच्या आधी दीड-दोन दशकं त्या जे काम करत होत्या ते या खिडकीभोवतीचं, आणि ते टीव्हीवर दाखवण्याजोगं नव्हतं. निरोधची पाकिटं वाटणं, कुणाला तरी रक्त तपासायला घेऊन जाणं, रिपोर्ट हातात आल्यावर तिच्याशेजारी बसून राहणं.

या कामाची मुळं शोधायची तर आधी १८७१ सालात जावं लागतं. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, बेरड यांच्या संदर्भात तो आपल्याकडे ठाऊक असतो. त्याचा दुसरा भाग मात्र हिजड्यांसाठी होता आणि तो मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. संशयितांची नावं आणि मालमत्ता रजिस्टरात नोंदवायची. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली किंवा पैसे घेऊन नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्यातलं एक कलम मला सगळ्यांत बोचतं. नोंद झालेल्याला अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र करता येणार नाही आणि मुलगा दत्तक घेता येणार नाही. म्हणजे मिळवलेलं कुणाच्या हाती सोपवायची सोय नाही, आणि ज्याच्या हाती सोपवावं असं मूलही नाही. पुढं हे कायदे रद्द झाले. पोलिसांच्या नजरेतून मात्र ते लगेच गेले नाहीत.

कायद्यानं घर नाकारलेल्यांनी आपलं घर गुरू-चेल्यांच्या नात्यावर उभं केलं होतं. मुंबईत लष्करवाला, बुलाकवाला, पुनावाला अशी घराणी आहेत. गुरूची गुरू ती नानी, भांडणतंटा जमातीत मिटवायचा, गुरूसमोर ‘पाव पडती’ म्हणायचं. या घरानं हजारोजणींना छप्पर दिलं. पण कमाईचे रस्ते बधाई (लग्न-बारशाला नाचून आशीर्वाद देणं), मंगती (पैसे मागत फिरणं) आणि धंदा एवढेच होते. आजारी पडलं तर गुरू सेवा करी. डॉक्टर कुठून आणणार?

मग एड्स आला. भारतातली पहिली नोंद १९८६ची, मद्रासची. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. मुंबईत तोवर कामाठीपुऱ्याकडे बोट दाखवणं सुरू झालं होतं. सरकारला निरोध द्यायचे होते, पण ज्यांना द्यायचे त्यांच्यापर्यंत जाणार कोण? सरकारी कर्मचारी दिवसा वस्तीत गेला तर पोलीस समजून सगळे पळणार, आणि रात्री तो जाणारच नाही. समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक काढणाऱ्या अशोक राव कवींनी १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला आणि वाकोल्याला महापालिकेच्याच इमारतीत त्याला जागा मिळाली. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. एकीकडे कायदा ज्यांना गुन्हेगार म्हणत होता, त्यांनाच दुसरीकडे पालिका दवाखान्यासाठी खोली देत होती. साथीच्या धाकानं घडवलेली ही विसंगती पुढची वीस वर्षं चालू राहिली.

पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या गौरी सावंत लहानपणीच आईला मुकल्या होत्या. घरात वडिलांचा धाक आणि अबोला. ऐन तारुण्यात त्यांनी घर सोडलं आणि मुंबई गाठली. तिथं हमसफरचा आधार मिळाला आणि कामही. काही वर्षांतच, २०००च्या सुमारास, मालाड-मालवणीकडे त्यांनी आपली संस्था उभी केली. तिचं नाव ‘सखी चार चौघी’. मराठी माणसाला या नावातली गंमत सांगायला नको. मुलगी ‘चारचौघींसारखी’ असावी, एवढंच तर आपल्याकडे म्हणतात. दिसायला बरी, नाकासमोर चालणारी, कुणाच्या डोळ्यांत न येणारी. जिला रस्त्यानं जाताना दर दहा पावलांवर कुणी तरी वळून पाहतं, तिनं संस्थेला हे नाव देणं यात हौस आहे आणि थोडा खोडकरपणाही.

काम कसं चालायचं? नॅकोच्या भाषेत त्याला टीआय, म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणतात. समाजातलीच एखादी पिअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच बाकीच्यांना समजावून सांगणारी. तिच्याकडे साठेक जणींची यादी असते. कोण कुठल्या स्टेशनबाहेर उभी राहते, कुठल्या हायवेवर, आठवड्याला किती गिऱ्हाईकं, त्या हिशेबानं किती निरोध लागतील, हे तिच्या डायरीत असतं. पिशवीत लाकडी मॉडेल. त्यावर निरोध चढवून दाखवायचा. बघणाऱ्या आधी खिदळतात, मग एखादी हळूच पुढं सरकून विचारते की मला खाली जखम झालीय, दाखवू का. इथून खरं काम सुरू होतं. तिला गुप्तरोगाच्या दवाखान्यात न्यायचं, मग आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी, दर सहा महिन्यांनी परत. पोलिसांनी पिशवी तपासली तर हेच निरोध धंद्याचा पुरावा ठरायचे. सरकारनंच फुकट वाटायला दिलेले निरोध!

२००४च्या एप्रिलपर्यंत एचआयव्हीची औषधं सरकारात फुकट नव्हती. त्याआधी तपासणीत पॉझिटिव्ह निघणं म्हणजे शिक्षाच. घराण्यातून बाहेर पडायची भीती आणि परवडेल असं औषध नाही. मुंबईत जे. जे.मध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली तेव्हा निदान द्यायला काही तरी होतं. पण गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. मंगतीला गेलेली रात्री अकराला परतते, जेवणाचा पत्ता नाही, आणि गोळीची डबी गुरुभगिनींच्या नजरेला पडली तर? अशा वेळी औषध चालू ठेवणं डॉक्टरांपेक्षा शेजारी बसणारीच्या हातात असतं.

याच कामात देहविक्रय करणाऱ्या बायकांशीही गौरी सावंतांची ओळख होती. त्यांच्यातली एक एचआयव्हीनं गेली, मागं लहानगी मुलगी राहिली. तिला विकण्याची बोलणी चालल्याचं कळल्यावर त्या तिला घरी घेऊन आल्या. हे त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय. आई व्हायचं असं काही ठरवलं नव्हतं, हेही. जाहिरातीतली गोष्ट इथून आलेली. कायद्याच्या दृष्टीनं मात्र हे नातं कुठंच बसत नव्हतं. एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही, आणि या दोन्हीं रकान्यांत नसलेलीबद्दल नियम गप्पच. १८७१च्या त्या कलमाची आठवण इथं येतेच.

न्यायालयातली वाटही, गंमत म्हणजे, दवाखान्यातूनच गेली. २००१मध्ये लखनौला एड्सविषयी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी ३७७खाली अटक केली. त्याच वर्षी एड्सविषयी काम करणाऱ्या नाझ फाउंडेशननं या कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातला एक मोठा मुद्दा असा की या कलमामुळे माणसं लपून राहतात आणि एचआयव्ही रोखण्याचं काम अडतं. पुढं नॅकोनंही प्रतिज्ञापत्र देऊन हेच सांगितलं. गृहखातं विरोधात होतं. एकाच सरकारची दोन खाती एकाच खटल्यात समोरासमोर! २००९मध्ये उच्च न्यायालयानं कलम सैल केलं, डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा आवळलं, आणि शेवटी सप्टेंबर २०१८मध्ये सोडलं.

यातल्या शेवटच्या दोन निकालांच्या मधे, १५ एप्रिल २०१४ रोजी, तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल लागला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात हस्तक्षेप करून उभ्या होत्या. निकालाच्या शेवटी सरकारांना दिलेले आदेश वाचण्यासारखे आहेत. तिसरं लिंग माना, सामाजिक-शैक्षणिक मागास समजून आरक्षण द्या, आणि त्याच यादीत, स्वतंत्र एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रं चालवा, रुग्णालयांत नीट उपचार मिळतील असं बघा. हक्कांच्या सनदेत एचआयव्ही केंद्र! सरकारी कागदावर या बायका नागरिक होण्याआधी ‘जोखीम गट’ झाल्या, त्याची ही खूण. पैसा आला तो रोगासाठी आला. घर, शाळा, म्हातारपण यांसाठी वेगळं बजेट नव्हतं, आणि गौरी सावंतांसारख्यांनी ते त्याच पैशातून उभ्या राहिलेल्या माणसांच्या बळावर ओढून आणलं. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी घर काढायचं, हा त्यांचा ‘नानी का घर’ प्रकल्प त्यातलाच.

रोगापुरतं बोलायचं तर कामाचं फळ दिसतं. नॅकोच्या पाहणीत २०१०-११ साली तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ८.८२ टक्के होतं, २०१७मध्ये ३.१४ टक्के. मधल्या काळात पाहणीची ठिकाणं वाढली, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. शिवाय २०१७मध्ये देशातल्या एकूण प्रौढांमधलं प्रमाण ०.२२ टक्के होतं.

दुसरा हिशेब मतदार यादीचा. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यात मुलंही आली हे धरलं, तरी २०१९च्या लोकसभेला राज्याच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून नोंद झालेले होते दोन हजारांच्या आसपास. सदिच्छादूत नेमायची वेळ का आली, ते यावरून कळतं. ज्यांनी घर सोडताना एक कागदही बरोबर घेतला नाही, त्या पत्त्याचा पुरावा आणणार कुठून? २०१९च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र घेण्याची तरतूद केली, राज्यात २०२०मध्ये कल्याण मंडळ आलं. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायलाही कागद लागतातच.

फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. बायकांचा की पुरुषांचा, या घोळाचं राज्यातलं हे पहिलं सरकारी उत्तर. स्वतंत्र वॉर्ड म्हणजे पुन्हा वेगळं काढणंच नाही का, असं काहीजण म्हणतात. ते खोटं नाही. पण दोन वॉर्डांच्या मधल्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर पडून राहिलेलीला हा वाद परवडत नाही.

त्याच सुमाराला पुणे आणि कल्याणला मित्र क्लिनिकं चालू होती. तिथं एचआयव्हीची तपासणी व्हायची, पण हॉर्मोन उपचारांचा सल्लाही मिळायचा, मन बरं नसेल तर कुणी तरी बोलायला असायचं, आणि काम करणाऱ्यांत समाजातली माणसं होती, त्यामुळे नाव सांगितल्यावर कुणी मान वर करून बघत नसे. पैसा अमेरिकी मदतीचा, तोही एचआयव्हीच्याच खात्यातला. जानेवारी २०२५मध्ये वॉशिंग्टननं मदत थांबवली आणि हैदराबादच्या क्लिनिकबरोबर या दोन्हींची शटरं खाली आली. तिथं जाणाऱ्यांच्या हातात पुन्हा केसपेपरची खिडकी आहे, आणि पिशवीत निरोध घेऊन फिरणारी ती पिअर एज्युकेटर.