ट्रिस स्पीकर इतका पुढे का उभा राहायचा?

बेसबॉलमध्ये आउटफिल्डरने, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाने, फेकलेल्या चेंडूवर धावक बाद झाला की फेकणाऱ्याच्या नावावर एक ‘असिस्ट’ जमा होतो. ट्रिस स्पीकरच्या नावावर असे ४४९ असिस्ट आहेत. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आजवर कुठलाही आउटफिल्डर तिथपर्यंत पोचलेला नाही. स्पीकरची फेक उत्तम होतीच, पण खरी मेख त्या काळच्या चेंडूत आहे.

टेक्सासमधल्या हबर्डचा हा मुलगा, जन्म १८८८चा. लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडला, म्हणून डाव्या हाताने फेकायला शिकला. १९०७ ते १९१५ बोस्टनच्या संघात, पुढे १९२६पर्यंत क्लीव्हलँडच्या. फलंदाज म्हणूनही अव्वल: त्याचे ७९२ डबल (फलंदाजाला थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) आजही सर्वाधिक आहेत.

धावकाला चार बेस, म्हणजे थांबे, क्रमाने गाठावे लागतात; त्यातला सेकंड बेस फलंदाजाच्या समोर असतो. सेंटर फील्डर, म्हणजे मधला आउटफिल्डर, असून स्पीकर त्या सेकंड बेसच्या मागे जेमतेम वीसेक मीटरवर उभा राहायचा. तेव्हाच्या चेंडूत बुचाचा गाभा, त्यावर रबर, लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे आणि वर घोड्याचं कातडं असे. एकच चेंडू होता होईल तितका वेळ वापरत. फटके खाऊन वेढे सैल पडले की तो मऊ होई. मऊ चेंडू बॅटवर जास्त चेपतो, त्यात ऊर्जा उष्णता बनून जिरते आणि फटक्याला जोर येत नाही. त्यात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारे, त्यावर थुंकी आणि तंबाखूचा रस फासायचे. १९१२ मध्ये अवघे १० होम रन (फलंदाजाला सगळे बेस फिरून परत आणणारे फटके) मारून स्पीकर अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात, संयुक्त पहिला होता!

आता गणित बघा. उंच उडालेला चेंडू चारेक सेकंद हवेत राहतो. सेकंदाला ७ मीटर धावणारा माणूस तेवढ्यात २८ मीटर मागे जातो. सपाट फटका मात्र दीड सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे हाताशी जेमतेम १० मीटर. मागचं अंतर धावून भरून काढता येतं, पुढचं नाही.

याचा सर्वांत देखणा परिणाम म्हणजे एकट्याने केलेला डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं. झेल घेतला गेला की सेकंड बेसवरून निघालेल्या धावकाला परत बेस गाठावा लागतो; चेंडू घेतलेला क्षेत्ररक्षक त्याआधी बेसवर पोचला तर धावकही बाद. तो १० मीटर पुढे गेला असेल तर थांबणं, वळणं, पुन्हा वेग घेणं यात अडीच सेकंद सहज जातात. धावतच झेल घेतलेला स्पीकर बेसपासून १५ मीटरवर असला तर त्याला लागतात दोन. १९१८च्या एप्रिलमध्ये त्याने हे दोनदा केलं.

१९२० मध्ये थुंकीवर बंदी आली. जुन्या काही पिचरना तेवढी सूट मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये स्पीकरच्याच संघातला रे चॅपमन डोक्यावर चेंडू लागून दगावला. ही घटना फार जिव्हारी लागणारी होती. त्यानंतर मळलेले चेंडू चटकन बदलले जाऊ लागले. बेब रूथने त्या वर्षी ५४ होम रन मारले, आणि व्यवस्थापक-खेळाडू स्पीकरने क्लीव्हलँडला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकून दिली.

चेंडू लांब जाऊ लागल्यावर पुढे उभं राहणं महागात पडू लागलं: डोक्यावरून गेलेला फटका थेट कुंपणाला. सेंटर फील्डर मागे सरकले. सेकंड बेसमागे २० मीटरवरून होम प्लेट (फलंदाज उभा राहतो आणि धावक शेवटी परततो ती जागा) सुमारे ६० मीटर; आजच्या जागेवरून साधारण ९५. फेकीचा सरासरी वेग सेकंदाला ३० मीटर धरला तर १.२ सेकंद जास्त लागतात. तेवढ्यात धावक ९ मीटर पुढे जातो, म्हणजे दोन बेसमधल्या २७.४ मीटर अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा.