नमुना २२ च्या आधी : सोलापुरातील बालकल्याण प्रशिक्षण-साहित्याची पार्श्वभूमी

काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीपुढे हजर झाले की त्याच्याविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता यावा, अशी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाची अपेक्षा आहे. हा अहवाल कसा लिहायचा, याचा साचा २०१६ च्या आदर्श नियमांतील ‘नमुना २२’ मध्ये आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना आणि नव्याने रुजू झालेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्यांच्या हाती आज जे साहित्य असते, त्याचा बराच भाग अधिनियम, नियम, नमुने आणि ते कसे भरावेत हे सांगणाऱ्या पुस्तिका यांनीच व्यापलेला असतो. सोलापूर जिल्ह्यात मात्र अनाथ, टाकलेल्या आणि कामाला जुंपलेल्या मुलांचे काम या नमुन्यांच्या किती तरी आधी सुरू झाले होते. त्या कामातून शिकवण्याजोगे जे निघाले, ते वर्गापर्यंत फारसे पोहोचले नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात अनाथ बालकाश्रमाची सुरुवात झाली आणि पुढे प्रार्थना समाजाने तो चालवला. स्थळाची निवड समजण्यासारखी आहे : पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवा यात्रेच्या निमित्ताने दूरवरून पंढरपुरास येत आणि जन्मलेले मूल मागे ठेवून परतत. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. त्या काळी ‘प्रशिक्षण’ हा शब्दही या कामाला लागलेला नव्हता. अंगावरच्या मुलाला दूध कोण पाजणार, नाव काय लावायचे, आईचे नाव कुठवर झाकून ठेवायचे, हे प्रश्न अनुभवातूनच सुटत गेले. त्यांतला शेवटचा प्रश्न आजही प्रत्येक फाइलीत आहे.

दुसरा धागा सोलापूर शहरातला आहे आणि तो अधिक अवघड आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा जमातींतील कुटुंबांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत येथे तारेच्या कुंपणाआड वसवले गेले. हजेरी लागे आणि माणसे गिरण्यांत कामाला जात. वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या तोंडी अजून टिकून आहे. या कायद्याने सरकारला मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहवजा शाळांत ठेवण्याचा अधिकार दिला होता. १९२४ मध्ये हा कायदा नव्याने बांधला गेला आणि त्याच १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बालक अधिनियमही झाला. निराधार मुलाला घरातून उचलून संस्थेत ठेवणे हे एका कायद्याच्या दृष्टीने संरक्षण होते. दुसऱ्याच्या दृष्टीने तीच कृती जमातीवरचा बंदोबस्त होती. मुलाला घरापासून तोडण्याचा निर्णय कधी न्याय्य ठरतो, हे शिकवायला या दोन कायद्यांना समोरासमोर ठेवण्याइतके चांगले साधन दुसरे सापडणार नाही, असे मला वाटते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जमातीकडे बोट दाखवण्याची सवय मात्र गृहचौकशीच्या भाषेत कधी कधी अजूनही डोकावते.

समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुंबईत १९३६ मध्ये सुरू झाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. १९४४ पासून ते टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. याच मिशनचे काम सोलापूरच्या सेटलमेंटमध्येही काही काळ होते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. व्यक्ती सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती अमेरिकन पुस्तकांतून आल्या, त्यांची उदाहरणेही तिकडचीच राहिली, आणि मराठीत शिकवताना अध्यापक पारिभाषिक शब्दांचे भाषांतर करण्यातच दमू लागला. पुढे सोलापुरातही वालचंद महाविद्यालयात समाजकार्य विभाग आला आणि २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासक्रम जवळ आला, पण वाचनाची यादी फारशी जवळ आली नाही.

त्यानंतरची गती कायद्यांची आहे. १९८६ मध्ये देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला, १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहितेला मान्यता दिली, २००० मध्ये नवा बाल न्याय कायदा आला, २०१२ मध्ये मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पोक्सो कायदा आणि २०१५ मध्ये आजचा अधिनियम. दर कायद्यामागे प्रशिक्षणाची एक लाट आली. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये टाटा संस्थेच्या क्षेत्रकार्य प्रकल्पातून सुरू झाली आणि २०२३ मध्ये सरकारी यंत्रणेत गेली, त्याबरोबर कार्यपद्धतीच्या पुस्तिकाही बदलल्या. या पुस्तिका निरुपयोगी आहेत असे नाही. कोणत्या मुदतीत कोणता कागद कोणाकडे जावा, हे त्या नीट सांगतात. दाराशी उभे राहून पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलावे, हे त्या सांगत नाहीत.

सोलापुरात हा प्रश्न किरकोळ नाही. शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी, आणि अहवाल मराठीत. विडी कामगार बाई कारखान्यातून पाने व तंबाखू घरी आणते. पाने भिजवून कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे ही कामे घराच्या उंबऱ्याआत होतात आणि शाळेतून आलेली मुलगी आईशेजारी बसते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्याची प्रक्रिया मुलांसाठी प्रतिबंधित केली, परंतु घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. अर्थात ज्या शहरात हे काम मुख्यतः घरातच चालते, तेथे कायद्याचा हात उंबऱ्यापाशीच थांबला. २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाला मदत करण्याची मुभा धोकादायक नसलेल्या कामांपुरती आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत एवढीच ठेवली. त्या मुलीला ‘बालकामगार’ म्हणून समितीपुढे आणावे, की आईला योजनेचा आधार मिळवून देऊन घर सावरावे? संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे अधिनियमातील तत्त्व अशा प्रसंगावरच शिकवावे लागते, आणि त्यासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा मिळणारे २,२५० रुपये त्या घराच्या हिशेबात कुठे बसतात, हे विद्यार्थ्याला कागदावर मांडता आले पाहिजे.

स्थानिक प्रकरणे वर्गात आणण्यात खरी अडचण गोपनीयतेची आहे. अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड होईल असा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. नाव बदलले म्हणजे काम झाले, अशी समजूत मोठ्या शहरात कदाचित चालेल. येथे पेठ, कारखाना आणि आडनावाचा शेवट एवढ्यावरून शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी घर ओळखतो. क्वचित ते त्याच्याच गल्लीतले असते. व्यवसाय बदलून टाकावा तर विडीच्या घरातला पेच उदाहरणातून निघून जातो. म्हणून तीन-चार घरांचे तपशील एकमेकांत मिसळून एक प्रसंग रचणे, त्यातला व्यवसाय आणि भाषा कायम ठेवणे, आणि वस्ती, भावंडांची संख्या, वय, प्रसंगाचे वर्ष बदलणे, हा मार्ग उरतो. वेळखाऊ काम आहे, आणि अध्यापकाच्या तासिकांच्या हिशेबात ते कुठेच धरले जात नाही.