‘द सिंकिंग सिटी’बद्दल खेळाडूंची मतं का फाटतात: एका तपासाची शंभर वर्षांची पार्श्वभूमी

‘द सिंकिंग सिटी’ हा खेळ जून २०१९ मध्ये आला. अजूनही आमच्या मेहकर-लोणार भागात गेम खेळणाऱ्या पोरांपुढे त्याचं नाव काढलं की दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ‘‘कुठी जायाचं तेच सांगत नाही बे हा गेम. नुसते कागद वाचत बसा.’’ दुसऱ्याचं, ‘‘मले त तेच आवडते. बाकीचे गेम बोट धरून नेतेत.’’ मग तिसरा कुणीतरी सांगतो की कागद वगैरे ठीक आहेत, पण राक्षस समोर आला की नेमच लागत नाही. जगभरच्या खेळाडूंच्या तक्रारी आणि कौतुकही याच तीन गोष्टींभोवती फिरत आलं आहे. माझं मत असं की यात खेळ बनवणाऱ्यांच्या चुका आहेत, पण थोड्या. भांडणाचं मूळ फार जुनं आहे. हेराची गोष्ट आणि अथांग विश्वाच्या भीतीची गोष्ट या दोघी एका घरात नांदायला आल्या तेव्हापासून ते चालू आहे.

आधी हा खेळ इथवर पोचला कसा ते सांगतो, कारण मतांवर त्याचा परिणाम आहे. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त फोर-जी आलं आणि खेड्यातल्या पोरांच्या हातात मोबाइल गेम आले. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी येईपर्यंत गेम म्हणजे पब्जी हेच समीकरण होतं. ‘द सिंकिंग सिटी’ मात्र कॉम्प्युटर आणि कन्सोलवरचा. तो चालवायला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे पुण्या-नागपुरात इंजिनीअरिंगला असलेला कुणी दिवाळीला लॅपटॉप घेऊन आला तर, नाहीतर तालुक्याच्या गावी एखाद्या गेमिंगच्या दुकानात. बाकीच्यांनी तो यूट्यूबवर पाहिला. व्हिडिओत कागद चाळण्याचा भाग कापलेला असतो आणि मारामारी राहते. म्हणून नुसतं पाहणाऱ्याला हा मारामारीचा कच्चा गेम वाटतो आणि खेळणाऱ्याला तपासाचा पक्का. मत विचारताना ‘खेळला का पाहिला’ हे मी आधी विचारतो.

खेळ असा. १९२० च्या दशकातलं, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधलं ओकमाँट नावाचं काल्पनिक गाव. गाव पुरात अर्धं बुडालेलं. गल्ल्यांतून होडीने फिरावं लागतं. पैशाला किंमत राहिलेली नाही, बंदुकीच्या गोळ्याच चलन झाल्या आहेत, त्यामुळे राक्षसावर झाडलेली प्रत्येक गोळी खिशातून जाते. चार्ल्स रीड हा नौदलातला माजी पाणबुड्या, आता खासगी गुप्तहेर. त्याला भयंकर दृश्यं दिसतात आणि त्यांचं कारण शोधत तो इथे येतो.

आता त्या वादग्रस्त कागदांकडे जरा जवळून पाहू. एखाद्या खोलीत जखमी माणसाचं रक्त सापडलं. खेळ नकाशावर खूण करत नाही. खेळाडूने स्वतः ठरवायचं की जखमी माणूस दवाखान्यात गेला असेल. मग दवाखान्याच्या दप्तरात जाऊन निवड करायची: कोणता भाग, कोणता काळ, कशाबद्दलची नोंद. निवड बरोबर असेल तर नोंद हाती लागते, नाहीतर रिकाम्या हाताने परत. गुन्ह्याची नोंद पोलिस ठाण्यात, मालमत्तेची नगरपालिकेत, जुनी बातमी ‘ओकमाँट क्रॉनिकल’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत. पत्ता मिळतो तोही अमुक रस्त्यावर, तमुक दोन रस्त्यांच्या मधे, अशा भाषेत. नकाशा उघडून खूण आपणच टोचायची. नव्या खेळाडूला पहिले काही तास रात्री शेतात चकवा लागल्यासारखे जातात. ज्याला दिशा सापडते तो मात्र या खेळाचा कायमचा होतो. ज्याने फेरफाराच्या नोंदीसाठी तलाठ्याकडून तहसीलला आणि तिथून भूमी अभिलेखला चकरा मारल्या आहेत, त्याला कोणता कागद कुठल्या कचेरीत असतो हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडच्या काही खेळाडूंना हा भाग पटकन जमला, त्यात मला नवल वाटलं नाही.

ही कागदांची आवड हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टकडून आली. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावचा हा लेखक, जन्म १८९०, मृत्यू १९३७. ‘विअर्ड टेल्स’ या मासिकात फेब्रुवारी १९२८ मध्ये छापून आलेली त्याची ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा या साऱ्याचं उगमस्थान म्हणता येईल. (कथुलू म्हणजे समुद्राच्या तळाशी निजलेलं त्याच्या कल्पनेतलं अमानवी दैवत.) तिच्यात नायक तलवार उपसत नाही. तो वारलेल्या चुलत आजोबांचे कागद लावत बसतो. एका शिल्पकाराच्या स्वप्नांच्या नोंदी, न्यू ऑर्लिन्सच्या एका पोलिस निरीक्षकाने सांगितलेली हकीकत, आणि शेवटी एका संग्रहालयात दगडांखाली अंथरलेलं जुनं ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्र. त्यावरच्या चित्राकडे त्याचं लक्ष जातं आणि सगळे तुकडे जुळतात. पण जुळल्यावर सुटका होत नाही. आपण हे जुळवायला नको होतं, एवढंच त्याला कळतं.

हेरकथेच्या अगदी उलटं आहे हे. १८४१ मध्ये एडगर अ‍ॅलन पोने घालून दिलेला आणि १८८७ पासून शेरलॉक होम्सने घरोघर पोचवलेला शिरस्ता असा की रहस्य उलगडलं की जग पुन्हा जागेवर येतं. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्या याच भरवशावर. आमच्या आधीच्या पिढीने त्या वाचनालयातून आणून झपाट्याने संपवल्या, कारण शेवटी गुन्हेगार सापडणार ही खात्री होती. लव्हक्राफ्टने तपासाची रीत तशीच ठेवली आणि ती खात्री काढून घेतली. त्याच्या गोष्टीत शोधणारा जितका हुशार, तितका तो लवकर मोडतो.

या टोकाच्या कल्पनेशी आपल्या भुताखेतांच्या गोष्टींचं जमत नाही, आणि इथल्या मतांमध्ये ते स्पष्ट दिसतं. मुंजा पिंपळावर असतो, हडळीची ओळख सांगता येते, चकवा लागला तर जागीच बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. प्रत्येक भयाला नियम आहे आणि उतारा आहे. नारायण धारपांच्या समर्थ कथांतही अंधाराच्या समोर उभा राहणारा कुणीतरी असतो. लोणारचंच घ्या. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, मधे खारं पाणी. आकाशातून काहीतरी पडलं आणि जमीन कायमची बदलली, याचा इतका मोठा पुरावा फार थोड्यांच्या शिवारालगत आहे. पण आपली कथा काय सांगते? तिथे लवणासुर राहत होता, विष्णूने त्याला मारलं, आणि त्याची आठवण म्हणून दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा गावागावांत तर्क सुरू झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. म्हणजे पुराणाकडेही उत्तर होतं आणि विज्ञानाकडेही.

लव्हक्राफ्टची १९२७ ची ‘द कलर आऊट ऑफ स्पेस’ ही कथा याच्याशेजारी ठेवून वाचावी. एका शेतकऱ्याच्या आवारात, विहिरीजवळ, उल्का पडते. त्या वर्षी फळं भलीमोठी येतात आणि एकही खाण्याजोगं निघत नाही. मग गुरं करडी पडून झडू लागतात, मग माणसं. गावकरी बघत राहतात, विद्यापीठाचे लोक येऊन नमुने नेतात, आणि शेवटपर्यंत कुणाला काही समजत नाही. कापूस-सोयाबीनवाल्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहा. भीती कशाची आहे ते तो लगेच ओळखतो. पण ‘मग शेवटी काय झालं’ हा प्रश्नही तो विचारतोच. एका खेळाडूने ओकमाँटबद्दल नेमकं हेच विचारलं होतं: ‘‘राक्षस मरतच नसन तं मी कायले लढू?’’ हा प्रश्न अडाण्याचा नाही. या प्रकारच्या खेळांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे.

त्याचं पहिलं नीट उत्तर व्हिडिओ गेमच्या आधी, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या एका खेळात मिळालं. १९८१ मध्ये केऑसियम या कंपनीने ‘कॉल ऑफ कथुलू’ काढला. रचनाकार सँडी पीटरसन. त्याआधीच्या अशा खेळांत, १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून, राक्षस मारायचे आणि बळ वाढवायचं ही रीत होती. पीटरसनने खेळाडूला तपास करणारा माणूस केलं आणि त्याला ‘सॅनिटी’ म्हणजे मनाच्या शाबूतपणाचे गुण दिले. भयंकर काही दिसलं की शंभरापर्यंतचे फासे टाकायचे. आपल्या गुणांपेक्षा जास्त आकडा पडला की मन थोडं ढासळलं. यातली खरी चलाखी वेगळीच आहे. जुने ग्रंथ वाचून त्या अमानवी शक्तींबद्दलचं ज्ञान वाढवता येतं, पण ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते. तपास जसा पुढे सरकेल तसा तपास करणारा आतून कमी होत जातो. लव्हक्राफ्टने पानंच्या पानं लिहून जे सांगितलं, ते या एका वजाबाकीत बसलं. पुढच्या बहुतेक खेळांत मन किती शाबूत आहे हे दाखवणारी जी पट्टी असते, ती इथून आली आहे. तिचा ऱ्हास आणि ज्ञान यांचा हा संबंध मात्र बहुतेकांनी वाटेत सोडून दिला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच झालं.

व्हिडिओ गेममध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्सचा ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) हा मोठा टप्पा. एडवर्ड कार्नबी हा हेर, लुइझियानातला एक पछाडलेला वाडा. सुरुवातीलाच कपाट ढकलून खिडकी बंद केली तर आत येणारा प्राणी येतच नाही. डोकं चालवलं तर लढावं लागत नाही. आणि त्या वाड्यात एक पुस्तक असं आहे की भलत्या जागी उघडून वाचलं की माणूस मरतो. २००५ मध्ये ‘डार्क कॉर्नर्स ऑफ द अर्थ’ आला. पडद्यावर प्रकृतीची पट्टी नाही, गोळ्यांचा आकडा नाही, आणि सुरुवातीचा बराच वेळ हातात शस्त्रच नाही. त्यातला हॉटेलमधून पळण्याचा प्रसंग, दाराला कडी घालायची, कपाट लोटायचं, पुढच्या खोलीत धावायचं, आजही जुने खेळाडू आठवून सांगतात. नंतर हातात बंदूक येते आणि तीच माणसं म्हणतात की इथून भीती ओसरली. २०१९ च्या मतांमधली तक्रार चौदा वर्षं आधी अशी नोंदवली गेली होती.

लव्हक्राफ्टवर इतके खेळ निघण्याचं साधं कारण असं की त्याने हयातीतच इतर लेखकांना आपली दैवतं आणि गावं वापरू दिली, आणि आज त्याचं लेखन बहुतेक देशांत स्वामित्वहक्काबाहेर आहे. त्याच्या लेखनातला वंशद्वेषही मात्र सोबत येतो. ‘द सिंकिंग सिटी’ने तो लपवला नाही. सुरुवातीला तशी सूचना आहे, आणि ओकमाँटमध्ये इन्समाउथ या लव्हक्राफ्टच्याच कल्पनेतल्या गावाहून आलेल्या विस्थापितांना जी वागणूक मिळते ती कथेच्या मध्यभागी आहे. याबद्दल खेळाडूंनी फारसं बोलू नये याचं मला वाईट वाटतं. बाहेरून आलेल्यांकडे गाव कसं पाहतं हे कळायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.

खेळ बनवणारी फ्रॉगवेअर्स ही युक्रेनमधली कंपनी, स्थापना २००० ची. तिची ओळख शेरलॉक होम्सच्या खेळांची. २०१४ च्या ‘क्राइम्स अँड पनिशमेंट्स’मध्ये पुरावे जुळवून निष्कर्ष काढायचा आणि चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवण्याचीही मुभा. त्याच वर्षी ‘कॉल ऑफ कथुलू’ नावाचा खेळ तिच्याकडून येणार अशी घोषणा झाली होती. नंतर ते काम सायनाइड या दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि तो खेळ २०१८ मध्ये आला. फ्रॉगवेअर्सने स्वतःचं ओकमाँट उभं केलं. हे माहीत असलं की मतांचा अर्थ लागतो. पुरावे जुळवण्यात त्यांचा हात बसलेला होता, तो भाग उत्तम उतरला. मोठं मोकळं शहर आणि बंदुकीची लढाई हा त्यांचा पिंड नव्हता. म्हणून घराघरांत तीच ती मांडणी दिसते, चालणं अडखळतं, नेम घसरतो.

शेवटाबद्दलची तक्रार मात्र मला वेगळी वाटते. अख्ख्या खेळात कुणाला वाचवलं, कुणाला सोडलं, याचा शेवटावर परिणाम होत नाही. शेवटी तीन वाटा समोर ठेवल्या जातात, एक निवडा. अनेकांना ही फसवणूक वाटली. पण माणसाच्या निवडीने विश्वाला फरक पडत नाही, हेच तर लव्हक्राफ्ट सांगत होता. त्याच्याशी इमान राखलं तर खेळाडू चिडतो, खेळाडूला खूश केलं तर लव्हक्राफ्ट सुटतो. या बाबतीत मी खेळाच्या बाजूचा आहे.

पुढे विक्रीच्या हक्कांवरून फ्रॉगवेअर्स आणि प्रकाशक नाकॉन यांच्यात वाद पेटला. २०२० मध्ये खेळ अनेक ऑनलाइन दुकानांतून काढला गेला, आणि २०२१ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आलेली आवृत्ती विकत घेऊ नका असं खुद्द बनवणाऱ्यांनीच सांगितलं. त्या काळातली कित्येक वाईट मतं खेळाबद्दलची कमी आणि त्या भानगडीबद्दलची जास्त आहेत. २०२४ च्या सुरुवातीला सगळे हक्क फ्रॉगवेअर्सकडे आले. मधल्या काळात युक्रेनवर युद्ध कोसळलं होतं, आणि त्यातच त्यांनी २०२३ मध्ये ‘शेरलॉक होम्स: द अवेकन्ड’ नव्याने बनवून पुरा केला. होम्सला कथुलूच्या भक्तांसमोर उभं करणारा हा खेळ त्यांनी २००० च्या दशकातच एकदा काढला होता. ओकमाँटचा विचार तिथून सुरू होतो.

मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात जीव वाचवण्याची भीती आणि लढाई पुढे, तपास मागे, आणि तोही बराचसा ऐच्छिक. खेळाडूंनी लढाईला नावं ठेवली म्हणून कंपनीने लढाईवर मेहनत घेतली, हे समजण्यासारखं आहे. पण ज्यांनी दवाखान्याच्या दप्तरात योग्य नोंद शोधून काढण्यासाठी हा खेळ जपला, त्यांचं मत या हिशेबात कमी पडलं असं मला वाटतं. आमच्याकडचे कागदवाले आणि बंदूकवाले आता नव्या भागावरून वाद घालतात, आणि बंदूकवाले म्हणतात, ‘‘पाह्यलं, आमचंच ऐकलं त्याइनं.’’