वाहन उलटणे : टायर आणि सस्पेन्शन

वेगात वळणारी गाडी मर्यादा ओलांडते तेव्हा आडवी घसरते किंवा उलटते. यातले काय होणार हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि टायरची पकड यांवर ठरते. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागल्यावर येणारा स्थैर्य गुणांक मोटारींमध्ये साधारण १.३ ते १.५, तर एसयूव्हींमध्ये १.० ते १.३ असतो. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक सहसा १च्या आत राहतो. तो स्थैर्य गुणांकापेक्षा कमी असल्यामुळे सपाट रस्त्यावर मोटार उलटण्याआधी घसरते. उंच गाडीला मात्र रुंद, चिकट टायर बसवले की घसरण्याची ही सोय हातची जाते. पकड वाढली म्हणजे धोका कमी झाला, हे अर्धसत्यच.

आडवी घसरणारी गाडी कठड्याला किंवा मऊ मातीला अडली तरी उलटते. बहुतेक गाड्या अशाच उलटतात. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू दुमडते, रिम जमिनीला टेकते आणि तीच अडकण्याची जागा ठरते.

वरचा गुणांक गाडीला ताठ ठोकळा मानतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, बॉडी कलते, गुरुत्वमध्य बाहेरच्या चाकांकडे सरकतो आणि त्याचे बाहेरच्या चाकांपासूनचे आडवे अंतर घटते. अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांची सस्पेन्शन जोडणारा दांडा, हा कल कमी करतो. स्टिअरिंग एकीकडून झटकन दुसरीकडे फिरवले तर आधीचा कल उसळून उलट्या बाजूला जातो. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या अशाच चाचणीत मर्सिडीझ ए-क्लास उलटली. नंतर कंपनीने सस्पेन्शन बदलले आणि ईएसपी (घसरणारी गाडी ब्रेक लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सर्व ए-क्लास गाड्यांत दिले.

शेवरले कॉर्व्हेअर या अमेरिकी मोटारीच्या १९६०-६३च्या मॉडेलांत टायर आणि सस्पेन्शन एकमेकांत किती गुंतलेले असतात ते दिसते. इंजिन मागे, मागे स्विंग-अॅक्सल, म्हणजे आतल्या टोकाशी बिजागरासारखा वर-खाली हलणारा आस, ज्याबरोबर चाकही कलते. जोरात वळताना बाहेरचे चाक गाडीखाली दुमडे, मागचा भाग वर उचलला जाई. म्हणजे गुरुत्वमध्य वर आणि चाकांमधले अंतर कमी, दोन्ही एकदम. कंपनीने पुढे सुमारे १५ व मागे २६ पीएसआय हवा सांगितली होती, जेणेकरून पुढची पकड मुद्दाम कमी राहावी आणि मागचा भाग आधी सुटू नये. चारही चाकांत सारखी हवा भरली की हा तोल बिघडे. डिझाइनमधली उणीव मालकाच्या हवा भरण्याच्या सवयीवर सोडणे बेभरवशाचेच होते. १९६४ मध्ये मागे आडवी लीफ स्प्रिंग (पट्ट्यांची स्प्रिंग) आली आणि १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच नवे झाले.