पुन्हा तपासणारा विद्यार्थी कच्चा असतो का?

‘ज्याला स्वतःची खात्री असते तो एकदाच तपासतो, पुन्हा तपासणारा कच्चा’, असं ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. सराईत हात भराभर चालतो, त्यामुळे ते पटतंही. प्रत्यक्षात पुन्हा तपासणं श्रवणचाचणीच्या पद्धतीतच आहे.

प्युअर टोन ऑडिओमेट्रीत, म्हणजे हेडफोनमधून एकेका फ्रिक्वेन्सीचा टोन ऐकवून घेतल्या जाणाऱ्या चाचणीत, ऐकू आल्याचा प्रतिसाद आला की आवाजाची पातळी 10 डेसिबलने उतरवायची, नाही आला की 5 डेसिबलने चढवायची. चढत्या क्रमात 3 पैकी किमान 2 वेळा प्रतिसाद मिळेल ती सर्वांत कमी पातळी म्हणजे उंबरठा. एका आकड्यामागेच इतकी पुनरावृत्ती असते! शिवाय पहिल्या कानात 1000 हर्ट्झ या फ्रिक्वेन्सीचा उंबरठा पुन्हा तपासतात. दोन्ही आकड्यांत फरक 5 डेसिबलपर्यंत असेल तर पुढे जायचं. 10 किंवा जास्त असेल तर हेडफोन सरकलाय का, सूचना नीट समजली का, टोन ठरावीक तालात दिल्याने समोरचा अंदाजाने बटण दाबतोय का, हे बघायचं आणि बाकीच्या फ्रिक्वेन्सीही पुन्हा घ्यायच्या. घाईत नेमकी ही तालाची चूक होते.

स्वतःची खात्री कितपत खरी, हेही मोजता येतं. ऑडिओग्राम (सगळ्या उंबरठ्यांचा आलेख) पूर्ण झाल्यावर प्रत्येक उंबरठ्याशेजारी ‘खात्री’ किंवा ‘शंका’ लिहा. मग पर्यवेक्षकांनी त्याच व्यक्तीचे स्वतंत्रपणे काढलेले आकडे शेजारी ठेवा. ‘खात्री’ लिहिलं तिथे 10 डेसिबलचा फरक असेल, तर आधी मास्किंग (दुसऱ्या कानाने टोन ऐकू नये म्हणून त्यात दिलेला गोंगाट) तपासा. ‘शंका’ असूनही आकडे जुळत असतील, तर कौशल्य आहे, भीती जास्त आहे. अशा वेळी निरीक्षणाखाली सराव वाढवावा.